कॉफीशॉपसारखे मेपल ओट स्कोन घरी, मेपलची चव खरंच लागेल असे

अमेरिका-कॅनडातल्या कॉफीशॉपमध्ये काचेमागे तो जाडजूड त्रिकोणी स्कोन ठेवलेला असतो ना, वरून फिकट तपकिरी आयसिंगचा थर, आत ओट्स आणि पेकान (अक्रोडासारखा सुका मेवा), तो घरी अगदी तसाच होतो आणि ताजा असल्यामुळे माझ्या मते जास्त चांगला लागतो. पण नेटवरच्या बहुतेक रेसिप्यांमध्ये एक गोष्ट राहून जाते. सगळं मेपल सिरप (मेपल झाडाचा रस आटवून केलेला पाक) पिठात घालायला सांगतात आणि मग भाजून झाल्यावर मेपलची चव कुठेच लागत नाही, नुसतं गोड लागतं. मेपलचा वास फार नाजूक असतो, मैदा आणि बटरच्या गर्दीत तो दबून जातो, म्हणून पिठात थोडंच सिरप घालायचं आणि जास्तीचं वरच्या ग्लेझसाठी, म्हणजे त्या आयसिंगच्या थरासाठी, राखून ठेवायचं. बाकी सगळी रेसिपी बदलली तरी चालेल पण हे लक्षात ठेवा.

हा स्कोन म्हणजे ब्रिटिश लोकांचा चहाबरोबरचा स्कोन नाही हेही आधी सांगते, कारण तसा डोक्यात ठेवून केलात तर गोंधळ होईल. तो गोल, उंच, कमी गोड असतो, मधून फोडून जॅम आणि क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम) लावून खायचा. आणि त्याच्याही मागे गेलात तर स्कॉटलंडमध्ये लोखंडी तव्यावर ओट्सच्या किंवा जवाच्या पिठाचे चपटे स्कोन भाजायचे, म्हणजे ओट्सशी त्याचं नातं जुनंच आहे. अमेरिकेत येऊन तो त्रिकोणी झाला, बटर वाढलं, साखर वाढली, वर ग्लेझ आलं आणि तो हातात धरून कॉफीबरोबर खायचा पदार्थ झाला. त्यामुळे इथे जॅम वगैरे काही लागत नाही, जे काही आहे ते त्याच्यातच आहे.

आता सिरप. मी ओंटारियोत राहते त्यामुळे सिरपचं कौतुक जरा जास्तच आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर, असं हवामान असलं की शुगर मेपलच्या झाडातून रस वाहायला लागतो, तो पाण्यासारखा पातळ आणि जेमतेम गोड असतो आणि साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. युरोपियन लोक यायच्या कितीतरी आधीपासून इथले मूळनिवासी हा रस आटवून साखर करत होते. आजही जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास मेपल सिरप एकट्या क्वेबेक प्रांतातून येतं. हे सगळं माहीत असलं की बाटलीच्या किमतीचा राग येत नाही.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. घटकांमध्ये फक्त मेपल सिरप एवढंच लिहिलेलं असलं पाहिजे. पॅनकेक सिरप किंवा टेबल सिरप म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा कॉर्न सिरप आणि वरून रंग-वास असतो, त्याचं ग्लेझ चिकट होतं आणि चव एकसुरी लागते. दुसरं म्हणजे ग्रेड. गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क असे चार प्रकार असतात आणि चारही ग्रेड ए च असतात, त्यामुळे गडद म्हणजे हलक्या दर्जाचं असं मुळीच नाही. सीझनच्या सुरुवातीचं सिरप फिकट असतं, जसजसं गरम होत जातं तसतसे रसातले जीवजंतू साखर फोडायला लागतात आणि तो रस आटवताना रंग आणि चव दोन्ही गडद होतात. डोशावर किंवा पॅनकेकवर घ्यायला अंबर छान, पण बेकिंगला डार्कच घ्या, गोल्डन घेऊन बेक करणं म्हणजे पैसे वाया. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवायची, बाहेर ठेवली तर बुरशी येते.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक मस्त गोष्ट. मेपलच्या वासामागे जी काही द्रव्यं आहेत त्यातलंच एक, सोटोलोन नावाचं, आपल्या मेथीदाण्यातही असतं! नकली मेपल फ्लेवर करायला मेथीचा अर्क वापरतात तो ह्याच्यामुळेच. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून शहरभर मेपल सिरपचा वास यायचा, लोक घाबरून फोन करायचे, शेवटी २००९ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की तो वास नदीपलीकडे न्यू जर्सीत मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यातून येतोय. तर आपल्याकडे इम्पोर्टेड सिरप महाग पडतं, छोट्याच बाटलीत भागवायचं असेल तर अशी युक्ती करा: पाव चमचा मेथीदाणे मंद आचेवर अगदी हलकेच भाजा, रंग बदलायच्या आत उतरवा, मग अख्खेच गरम क्रीममध्ये टाकून २० मिनिटं झाकून ठेवा आणि गाळून क्रीम परत फ्रीजमध्ये गार करा. दाणे कुटायचे नाहीत आणि जास्त भाजायचेही नाहीत, नाहीतर क्रीम कडू झालंच म्हणून समजा. ह्याने सगळंच सिरप वाचतं असं नाही, ग्लेझला ते लागतंच, पण आतल्या भागाला वास छान येतो.

साहित्य, ८ मोठ्या स्कोनसाठी:

रोल्ड ओट्स १२० ग्रॅम
मैदा २१० ग्रॅम
ब्राउन शुगर २ टेबलस्पून
बेकिंग पावडर अडीच टीस्पून
मीठ अर्धा टीस्पून (बटर खारं असेल तर फक्त चिमूटभर, अमूल असेल तर तेही नको)
दालचिनी पूड पाव टीस्पून, नको असेल तर सोडा
बिनमिठाचं बटर १४० ग्रॅम, एकदम गार
पेकान ७० ग्रॅम
हेवी क्रीम १०० मिली, गार
मेपल सिरप ६० मिली
अंडं १

ग्लेझसाठी: बटर ३० ग्रॅम, मेपल सिरप ८० मिली, आयसिंग शुगर १२० ग्रॅम, चिमूटभर मीठ, लागलं तर चमचाभर क्रीम.

ग्रॅममध्ये दिलंय ते मुद्दाम. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून दाबून भरला तर १५० च्या आसपास जातो, शिवाय अमेरिकन कप आणि कॅनेडियन कप सारखा नसतो आणि भारतात मिळणारे कप आणखी वेगळे. स्कोन कोरडे होण्याचं सगळ्यात मोठं कारण हे जास्तीचं पीठच असतं. साधा किचनचा वजनकाटा घ्या, इतर बेकिंगलाही लागतोच.

ओट्स रोल्डच हवेत, जाड चपटे, ज्यांना इथे ओल्ड फॅशन्ड म्हणतात. इन्स्टंट ओट्स घेतले तर आत लगदा होतो, आणि स्टील कट ओट्स इतक्या वेळात शिजत नाहीत, दाताखाली कच्चे लागतात. पेकान इथे सहज मिळतं, भारतात मिळालं नाही तर अक्रोड घ्या, बाहेरच्या कडवट सालीमुळे चव थोडी बदलते पण वाईट नाही लागत. भारतात हेवी क्रीमऐवजी टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम चालतं, त्यात फॅट कमी असतं एवढंच, स्कोन थोडा कमी खुसखुशीत होईल. अमूल बटर वापरत असाल तर पिठात मीठ विसरा आणि ग्लेझमध्येही घालू नका.

अंडं नको असेल तर तेवढ्या जागी क्रीम ४५ ते ५० मिली जास्त घाला. रंग थोडा फिकट येतो, बाकी काही फरक पडत नाही, उलट मला तर बिनअंड्याचा जास्त नाजूक वाटतो.

पहिलं काम ओट्स भाजण्याचं आणि हे काहीही झालं तरी टाळू नका. कच्च्या ओट्सना तशी काहीच चव नसते, पण खरपूस भाजले की दाण्यांसारखा वास सुटतो आणि मेपलला खरी जोड त्याचीच मिळते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर रवा भाजतो तसे हलवत ६-७ मिनिटं, किंवा ओव्हनमध्ये १७५ डिग्रीला ८-१० मिनिटं. त्यातच शेवटी पेकान टाकून भाजून घ्या, मग पेकान जाडसर चिरा. ओट्स पूर्ण गार होऊ द्या, गरम ओट्स पिठात गेले तर बटर वितळलंच. गार झाल्यावर अर्धे ओट्स मिक्सरला दोन-तीन वेळा फिरवून भरड करायचे आणि अर्धे अख्खे ठेवायचे (त्यातलेच थोडे शेवटी वर भुरभुरायला बाजूला काढा), म्हणजे भरड पिठात मिसळून जाते आणि अख्खे मध्येमध्ये दाताखाली येतात.

आता बटर. आपण शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतो, इथे बरोबर उलटं आहे, बटर जितकं गार तितकं चांगलं. बटरमध्ये साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं, पिठात बटरचे छोटे छोटे तुकडे तसेच राहिले की ओव्हनच्या गरमीत ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पीठ वर उचलते, त्यातूनच पापुद्रे पडतात. बटर आधीच वितळून पिठात जिरलं तर उचलायला काही उरतच नाही, मग स्कोनऐवजी सपाट कुकी होते. म्हणून बटर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, किसताना मध्येमध्ये कोरडा मैदा लावा म्हणजे गोळा होत नाही. मुंबई, कोकण, गोवा, जिथे ओट्यावर ठेवलेलं बटर पाच मिनिटांत मऊ पडतं तिथे परात आणि मैदासुद्धा आधी फ्रीजमध्ये ठेवा आणि पंखा चालू ठेवून हे काम करा.

मैदा, ओट्स, ब्राउन शुगर, बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी सगळं परातीत नीट एकत्र करा. किसलेलं बटर घालून बोटांच्या टोकांनी भराभर चुरा, तळव्याने नाही कारण तळवा गरम असतो. सगळं एकसारखं रवाळ होईपर्यंत जायचं नाही, वाटाण्याएवढे तुकडे दिसायला पाहिजेत. मग पेकान.

क्रीम, सिरप आणि अंडं एका भांड्यात फेटून घ्या, त्यातलं दोन चमचे बाजूला काढून ठेवा, बाकीचं पिठात ओता आणि काट्याने किंवा सुरीने हलकेच एकत्र करा. मळायचं नाही! कणीक मळायची सवय असलेल्या हातांना हे अवघड जातं मला माहीत आहे, पीठ दिसलं की हात आपोआप तिंबायला जातात, पण तिंबलं की ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) तयार होतं आणि स्कोन चिवट होतो. कोरडं पीठ दिसायचं बंद झालं की थांबा. तळाशी कोरडा भुगा उरला असेल तरच बाजूला काढलेलं मिश्रण थेंब थेंब घाला, प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही म्हणून ते राखून ठेवलं होतं. गोळा थोडा चिकट आणि ओबडधोबड असणार, तो गुळगुळीत दिसत असेल तर जास्त हाताळला गेलाय.

ओट्यावर किंचित मैदा भुरभुरवून गोळा त्यावर काढा, हाताने दाबून चौकोन करा, मधोमध कापा, एक अर्ध दुसऱ्यावर ठेवून परत दाबा. असं दोनदा करा. ह्याने पापुद्रे वाढतात आणि न मळताच पीठ एकसंध होतं. शेवटी १८ सेंटीमीटरची गोल थापी करा, जाडी अडीच ते तीन सेंटीमीटर, लाटणं नको, हातानेच थापा. धारदार मोठी सुरी सरळ वरून खाली दाबून आठ तुकडे करा, करवतीसारखी पुढेमागे फिरवली तर कडा दबून चिकटतात आणि स्कोन एका बाजूने फुगतो. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर तुकडे ५ सेंटीमीटर अंतर सोडून ठेवा आणि अख्खा ट्रे २०-३० मिनिटं फ्रीजरमध्ये. जागा नसेल तर ताटलीत ठेवून ताटली आत सरकवा, पण ही पायरी गाळू नका, कॉफीशॉपच्या स्कोनला जी सरळ उभी कड असते ती गार गेल्यामुळेच येते.

तेवढ्यात ओव्हन २०० डिग्री सेल्सिअस, म्हणजे ४०० फॅरेनहाइटला तापवा. ओटीजी असेल तर वरखाली दोन्ही रॉड लावून निदान १५ मिनिटं तापू द्या, ओटीजीचा छोटा दिवा विझला म्हणजे तापला असं धरू नका, आणि ट्रे मधल्या खाचेत. छोट्या ओटीजीत दोन घाणे करावे लागतील, दुसरा घाणा तोपर्यंत फ्रीजरमध्येच राहू दे. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन मोडवर करणार असाल तर १८५-१९० पुरे, पंख्यामुळे बाहेरून लवकर रंग येतो.

स्कोनच्या वरच्या बाजूला ब्रशने क्रीम लावा, कडांना लावू नका. २० ते २२ मिनिटं लागतात, १८ व्या मिनिटापासून लक्ष ठेवा. सिरप आणि ब्राउन शुगरमुळे वरून रंग लवकर चढतो आणि आत मात्र कच्चं असू शकतं, म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका, एक स्कोन काळजीपूर्वक उचलून खालची बाजू बघा, ती छान बदामी पाहिजे. मधोमध टूथपिक कोरडी यायला हवी, थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९५ डिग्रीच्या आसपास. वरून फारच रंग यायला लागला तर फॉइलचा तुकडा सैलसर टाका. झाल्यावर पाचेक मिनिटांनी जाळीवर काढा, ट्रेवरच राहिले तर खालून ओलसर होतात.

आता ग्लेझ, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते. छोट्या पातेल्यात ३० ग्रॅम बटर मध्यम आचेवर वितळवा आणि तसंच चालू द्या, आधी तडतडतं, फेस येतो, मग तळाशी बेरीचे कण तपकिरी व्हायला लागतात आणि कढवलेल्या तुपासारखा वास येतो, तेव्हा लगेच गॅस बारीक करून सिरप हळूहळू ओता. सांभाळून, ते उसळतं, मुलांना जवळ उभं करू नका. एक ते दीड मिनिट उकळा, बस. एकतारी पाकापर्यंत गेलं तर ग्लेझची वडी होऊन बसेल. खाली उतरवून दोन मिनिटांनी चाळलेली आयसिंग शुगर आणि चिमूटभर मीठ घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. अमूलसारखं खारं बटर नसेल तर मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय नुसती साखरच लागते. तो तपकिरी बेरीचा भाग गाळून टाकू नका, चव त्यातच आहे. घरी दळलेली पिठीसाखर चालते, बारीक चाळणीतून दोनदा चाळा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. चमच्यातून जाड धार सलग पडली पाहिजे, घट्ट वाटलं तर चमचाभर क्रीम, पातळ वाटलं तर नुसती पाच मिनिटं थांबा, गार होता होता दाट होतं.

कॉफीशॉपसारखा थर यायला ग्लेझ दोनदा लावायचं. स्कोन कोमट असताना पहिला पातळ हात ब्रशने फिरवा, हा आत थोडा मुरतो आणि मेपलची चव वरच्या भागात उतरते. मग स्कोन पूर्ण गार झाले की उरलेलं ग्लेझ चमच्याने वर ओतून कडेपर्यंत पसरा, एखादी ओघळ खाली आली तर येऊ दे. तोपर्यंत पातेल्यात ते आळलं असेल तर परत किंचित गरम करा. लगेच वर थोडे भाजलेले ओट्स भुरभुरवा. अर्ध्या तासात वरून सुकतं आणि चावलं की तडकतं.

बरोबर कॉफी बिनसाखरेची हवी असं माझं ठाम मत आहे, फिल्टर कॉफी असेल तर कडक डिकॉक्शन आणि कमी दूध. आल्याच्या चहाने मेपलचा वास मारला जातो.

काही बिघडलं तर कारण शोधणं सोपं आहे. पसरट झाले असतील तर एकतर बटर मऊ होतं नाहीतर ओव्हन पुरेसा तापला नव्हता. दगडासारखे झाले तर हात जास्त फिरला. कोरडे भुगाळ झाले तर पीठ जास्त पडलं किंवा ओव्हनमध्ये जास्त राहिले. जिभेवर धातूसारखी तुरट चव आली तर बेकिंग पावडर चमच्यातून शिगोशीग भरून गेलीय, ती सपाट मोजायची. आणि अजिबात फुगलेच नाहीत तर बेकिंग पावडरचा डबा बघा, अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून लगेच खळखळून फेस आला नाही तर तो डबा टाकून द्या.

स्कोन त्याच दिवशी खाण्यातच मजा आहे, दुसऱ्या दिवशी ओट्स ओलावा खेचतात आणि खुसखुशीतपणा जातो. त्यामुळे घरात दोघंतिघंच असाल तर आठही भाजू नका. कच्चे त्रिकोण ट्रेवर कडक गोठवून मग झिपलॉक पिशवीत भरा, महिनाभर छान राहतात, हवे तेव्हा दोन काढून न वितळवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाका, फक्त ३-४ मिनिटं जास्त द्या. ग्लेझ मात्र त्या त्या वेळी ताजंच करायचं, दोन स्कोनसाठी २ चमचे सिरप, अर्धा चमचा बटर आणि ३-४ चमचे पिठीसाखर एवढं भरपूर होतं.